खाण्याचे अतरंगी 'दिवस' वर्षभर साजरे कसे करायचे: पाय डे, वडापाव दिन आणि आपली कांदेनवमी

२३ ऑगस्ट उजाडला की सकाळी सातपासून प्रत्येक ग्रुपवर वडापावचे फोटो सुरू होतात, जागतिक वडापाव दिनाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली हात जोडलेले इमोजी, आणि शुभेच्छा पाठवणारा माणूस दुपारी डब्यातली दुधीची भाजी खात असतो. म्हणजे वडापाव कुणीच खाल्लेला नाही, सगळ्यांनी नुसता फॉरवर्ड केलाय. अरे दिवस वडापावचा आहे ना, मग खा की! ज्यांना हे दिवस खरंच करायचेत, घरी किंवा सोसायटीत किंवा ऑफिसात, आणि तेही दर महिन्याला खिसा रिकामा न करता, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, हे दिवस ठरवतं कोण? तर कुणीही. अमेरिकेतला डोनट डे जूनच्या पहिल्या शुक्रवारी असतो, तो १९३८ मध्ये शिकागोत साल्व्हेशन आर्मीनं सुरू केला, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांना डोनट तळून देणाऱ्या बायकांच्या आठवणीसाठी आणि वर थोडा मदतनिधी जमवायला. आईस्क्रीम डे म्हणजे जुलैचा तिसरा रविवार, तो थेट राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८४ मध्ये जाहीर केला. स्वीडनमध्ये ४ ऑक्टोबरला दालचिनीच्या बनचा दिवस असतो, १९९९ पासून, लोकांनी घरी बेकिंग करावं म्हणून झटणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं काढलेला. जपानात त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला पॉकी डे सुरू झाला, ११/११ लिहिलं की चार काड्या उभ्या दिसतात आणि पॉकी म्हणजे चॉकलेटात बुडवलेली बिस्किटाची काडीच, तो तर कंपनीनं स्वतःच काढला, उगाच लपवाछपवी नाही. आणि सगळ्यात भारी किस्सा न्यूटेला डेचा (न्यूटेला म्हणजे पावाला लावायचं ते चॉकलेटी क्रीम), ५ फेब्रुवारी, २००७ मध्ये एका ब्लॉगर बाईनं निव्वळ प्रेमापोटी सुरू केलेला, २०१३ मध्ये कंपनीनं तिलाच वकिलाची नोटीस धाडली, बोंबाबोंब झाली तशी गुपचूप मागे घेतली, आणि पुढे २०१५ मध्ये तो दिवस कंपनीच्याच हातात गेला.

या सगळ्यात संयुक्त राष्ट्रांचे दिवस जरा सिरियस. १० फेब्रुवारी डाळी-कडधान्यांचा, २१ मे चहाचा, ३० मे बटाट्याचा, हा बटाट्यावाला अगदी ताजा, २०२४ ला पहिल्यांदा झाला.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की या तारखा काही ब्रह्मदेवानं लिहून ठेवलेल्या नाहीत. कुणीतरी कुठेतरी आपल्या सोयीनं ठरवल्यात, त्यामुळे आपण आपल्या सोयीनं हलवल्या तर आभाळ कोसळणार नाहीये. माझा तर पक्का नियम आहे, तारीख कॅलेंडरला विचारायची नाही, भाजीवाल्याला विचारायची.

भाजीवाल्याला का विचारायचं

उदाहरण घ्या ना, आपल्याकडे २२ जुलैला राष्ट्रीय आंबा दिवस म्हणून पोस्टी फिरतात. जुलैच्या बावीस तारखेला हापूस? पाऊस पडून हापूस कधीच संपलेला असतो, तेव्हा बाजारात असतो तो लंगडा, चौसा वगैरे उत्तरेचा माल, तो वाईट असतो असं नाही, चौसा तर मस्त चोखून खायचा आंबा आहे, पण कोकणवाल्या घरात २२ जुलैला आंबा दिवस म्हटलं तर आजोबा तुमच्याकडे कसे बघतील विचार करा. त्यामुळे आंबा दिवस करायचा असेल तर अक्षय्य तृतीयेला, आमरस-पुरी, बास. आणि २२ जुलैला अगदीच राहवत नसेल तर मे महिन्यात वाळवलेली आंबापोळी डब्यातून काढा, लहान लहान तुकडे करा, पावसात खिडकीशी बसून चघळा, ते त्या दिवसाला शोभतं.

आईस्क्रीम डेचंही तेच. जुलैचा तिसरा रविवार हा अमेरिकेत रणरणता उन्हाळा, आपल्याकडे धो धो पाऊस आणि निम्मं घर सर्दीनं हैराण. तो सरळ मे महिन्यात ओढायचा आणि जमलं तर पॉट आईस्क्रीम करायचं, लाकडी पिंप, मधे डबा, बाजूनं बर्फ आणि खडेमीठ, आणि पोरांनी आळीपाळीनं हँडल फिरवायचं. मीठ कंजूषपणा न करता घाला, मिठामुळेच बर्फाचं पाणी शून्याच्या खाली जातं आणि दूध गोठतं, नुसत्या बर्फात तासभर फिरवलंत तरी गार दूधच प्याल. भांड्याचं झाकण उघडताना मात्र आधी वरचं खारट पाणी पुसून घ्यायचं.

चहाला तर दोन-दोन दिवस आहेत. २१ मे संयुक्त राष्ट्रांचा, आणि त्याआधी २००५ पासून १५ डिसेंबरला चहामळ्यांतल्या कामगारांच्या संघटनांनी सुरू केलेला, पहिला दिल्लीत झाला होता. आता तुम्हीच सांगा, मे महिन्याच्या उकाड्यात चहाचा सोहळा कोण करणार? डिसेंबरचाच करायचा. त्यावर शेवटी येते.

पंचांग बघा, नाहीतर फजिती ठरलेली

दुसरी पायरी, जी लोक हमखास विसरतात. आपल्याकडे कुठल्याही दिवशी कुणाचा ना कुणाचा उपास असतो. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, पितृपंधरवडा. जागतिक अंडी दिन हा ऑक्टोबरचा दुसरा शुक्रवार, १९९६ ला व्हिएन्नात ठरलेला, तिथे बसलेल्यांना नवरात्र काय माहीत. २०२४ ला तो ११ ऑक्टोबरला आला, ऐन नवरात्रात, आणि आता ऑफिसात 'एग डे पॉटलक'चा मेल टाकणाऱ्याची काय अवस्था होते ते सांगायला नको. असा दिवस बिनधास्त पुढच्या महिन्यात ढकला, थंडी पडायला लागली की अंडा बुर्जी-पाव तसाही जास्त छान लागतो.

वडापाव दिनाचं गणित वेगळं, २३ ऑगस्ट बऱ्याचदा श्रावणात येतो, आणि श्रावणात कांदा-लसूण न खाणारे लोक प्रत्येक मजल्यावर निघतात. वड्यात लसूण, चटणीत तर लसूणच लसूण. यावर उपाय सोपा आहे, वडे करताना सारणाचे दोन भाग करा, एकात आलं-मिरची-कढीपत्ता-मोहरी-हळद एवढंच, आणि चटणी सुकं खोबरं, भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, मीठ आणि चिमूटभर हिंग घालून. लसणाशिवाय वडापावच्या चटणीला काय अर्थ असं म्हणणारे म्हणतील, म्हणू देत, पण निदान कोपऱ्यात कुणी उपाशी उभं राहत नाही. फक्त डबे वेगळे ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि हो, घरी कुणाला डायबेटिस असेल तर लागोपाठचे दोन दिवस गोडाचे ठेवू नका. अमेरिकन कॅलेंडर उघडलं तर तिथे जवळपास रोज कशाचा तरी दिवस असतो आणि त्यातले निम्मे केक, कुकी नाहीतर पाय (म्हणजे आत फळं वगैरे भरून भाजलेला तिकडचा गोल पदार्थ). रोजचा रोज करायला जाल तर नव्याचे नऊ दिवस, आणि दहाव्या दिवशी सगळे कंटाळून खिचडी. वर्षात सहा-आठ दिवस भरपूर झाले.

आपल्याकडचे अतरंगी दिवस आधी संपवा

लोक डोनट डे वगैरे म्हणून हसतात की काय हा वेडेपणा, खाण्याचा कसला दिवस. अहो, आपल्याकडे कांद्याची नवमी आहे! आषाढ शुद्ध नवमी, आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी. एकादशीपासून चातुर्मास लागतो, मग पाळणारी घरं चार महिने कांदा, लसूण, वांगं खात नाहीत, म्हणून बंद व्हायच्या आत एक दिवस मनसोक्त कांदा खाऊन घ्यायचा. इंग्लंडात पॅनकेक डे असतो त्याच्या मागचं लॉजिक डिट्टो हेच आहे, ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी, दूध, लोणी संपवायचं म्हणून पॅनकेक. ओल्नी नावाच्या गावात तर त्या दिवशी बायका हातात तवा घेऊन पॅनकेक उडवत पळतात, ही शर्यत १४४५ पासूनची आहे असं ते लोक सांगतात. आपल्याकडे कांद्याची भजी घेऊन कुणी पळत नाही एवढाच काय तो फरक.

कांदेनवमी हा माझ्या मते वर्षातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात मजेचा खाण्याचा दिवस आहे आणि हल्ली शहरात तो विसरत चाललेत म्हणून यावर जरा थांबते. मेनू ठरवायला डोकं लावायची गरजच नाही, सगळ्यात कांदा. कांद्याची थालीपीठं, कांद्याचा झुणका, भरली कांदी (लहान लहान कांदे घ्यायचे, वांग्याला देतो तशा चिरा द्यायच्या, दाण्याचं कूट-खोबरं-गोडा मसाला भरायचा), भाकरी, आणि खेकडा भजी. पाऊस नेमका तेव्हा जोरात असतो, त्यामुळे भजी नसतील तर तो दिवस धरायचाच नाही.

खेकडा भजीचं सांगते कारण दहापैकी आठ घरांत ती मऊ पडतात. कांदे उभे पातळ चिरायचे, फार पातळही नको, मग मीठ घालून हातानं चांगले चुरायचे, पाकळ्या सुट्या झाल्या पाहिजेत, आणि पंधरा-वीस मिनिटं झाकून सोडून द्यायचे. कांद्याला सुटलेलं पाणी दिसेल, तेवढंच पाणी, बाहेरचा एक थेंबही घालायचा नाही. मग तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा, कोथिंबीर, आणि बेसन थोडं थोडं करत, कांद्याला जेमतेम चिकटेल एवढंच, वर चमचाभर तांदळाचं पीठ. शेवटी कढईतलं गरम तेल एक चमचा त्यावर ओतायचं, चर्र आवाज आला पाहिजे. सोडताना गोळा करायचा नाही, बोटांनी विस्कटून सोडायचं, पाकळ्या वेड्यावाकड्या बाहेर आल्या की तेच खेकड्याचे पाय. आच मध्यम, घाई केली की वरून काळी आणि आतून पिठूळ. मीठ आधी कांद्याला लावलेलं असतं हे विसरून पिठात परत घालू नका, आणि पीठ कालवून ठेवून पाहुण्यांची वाट बघत बसू नका, दर दोन मिनिटांनी अजून पाणी सुटतं आणि मग अजून बेसन, अजून बेसन, शेवटी भजी कुठली, बेसनाचे वडेच.

सोसायटीत करायचं असेल तर हाच दिवस पहिला निवडा. प्रत्येक घरानं कांद्याचा एक पदार्थ आणायचा, विषय संपला, खर्च किरकोळ, आणि कांदा चिरताना रडणाऱ्या काकांचा फोटो वर्षभर पुरतो. जैन शेजारी असतील तर त्यांना या दिवसाला आग्रह करू नका, त्यांना आंब्याच्या डाळीला बोलवा, चैत्रातल्या हळदीकुंकवाची कैरीची वाटली डाळ आणि पन्हं, त्यात कांदा-लसूण काही नसतंच.

कांदेनवमी केली की तिची जोडीदार पण करायची, ती म्हणजे चंपाषष्ठी. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, खंडोबाचा दिवस, नैवेद्याला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि कांद्याची पात. ज्यांनी चार महिने वांगं सोडलेलं असतं त्यातली कितीतरी घरं त्या दिवशी ते पुन्हा सुरू करतात. तेव्हा भरताची वांगी काय सुंदर मिळतात! गॅसवर भाजत असाल तर वांग्याला तेलाचा हात लावा आणि सुरीनं दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर फटकन फुटून ओटाभर.

बाकी आपले भरपूर आहेत, पटापट सांगते. आषाढात तळण, गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेच्या कापण्या, वरून खसखस लावून शंकरपाळ्यासारख्या कापलेल्या. आषाढ अमावस्येला दिव्याची अवस, कणकेचे गोड दिवे उकडायचे आणि तूप घालून दिवेच खायचे, यापेक्षा अतरंगी काय असणार (त्याच अमावस्येला अर्धा महाराष्ट्र गटारी म्हणून दुसरंच काहीतरी करतो, त्याचं मार्गदर्शन कुणाला लागत नाही). ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काहीही न घेता केलेली मिसळीची भाजी. कोजागरीला मसाला दूध, ज्यात स्वयंपाक येत नसला तरी चालतो. आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि ती भोगीची भाजी, ज्यात गाजर, वालपापडी, सोलाणे, वांगी, बोरं, उसाचे करवे असं त्या आठवड्यात बाजारात जे जे असेल ते. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात ते उगाच नाही.

बाहेरून आणलेले, पण इथे जमणारे

पाय डे, १४ मार्च. तारीख अमेरिकन पद्धतीनं लिहिली की ३/१४, म्हणजे गणितातला पाय, ३.१४. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या सायन्स म्युझियममध्ये लॅरी शॉ नावाच्या फिजिसिस्टनं १९८८ मध्ये सुरू केला, तिथे फळं भरलेले गोल पाय खातात. आपल्याकडे पाय करायच्या भानगडीत पडू नका, ओव्हन, बटर, सगळा व्याप. आपल्याकडे मार्चमध्ये होळी असते आणि होळीला काय असतं, पुरणपोळी, आणि ती कशी असते, गोल! २०२५ मध्ये तर १४ मार्चला धुळवडच होती, आदल्या दिवशीच्या पोळ्या डब्यात तयार.

हे मुलांबरोबर करायचं. एक नीट गोल जमलेली पोळी निवडा (हेच अवघड), ताटात ठेवा, सुतळी किंवा जाड दोरा तिच्या कडेनं फिरवा, जिथे टोक जुळेल तिथे पेननं खूण. दोरा सरळ करून पट्टीवर मोजा. मग पोळीच्या मधोमध पट्टी ठेवून व्यास मोजा. भागाकार करा. २१ सेंटिमीटरची पोळी असेल तर दोरा ६६ च्या आसपास भरतो, ६६ भागिले २१ म्हणजे ३.१४ आणि थोडं, शाळेत २२/७ घोकलेलं ते हेच. पोळी लहान घ्या, मोठी घ्या, उत्तर तेवढंच येतं हे पोरांना पटवायला फळ्यापेक्षा ताट बरं. ज्याची पोळी भारताच्या नकाशासारखी झाली असेल त्याचं उत्तर भलतंच येतं, त्यानं हसून घ्यायचं आणि खाऊन पुरावा नष्ट करायचा. दोरा स्वच्छ घ्या फक्त, तुपात भिजतो.

१० फेब्रुवारीचा डाळींचा दिवस दिसायला बोअर आहे पण तो उसळींचा दिवस करून टाका, मग बघा. मटकी, मूग, चवळी, वाल, कुळीथ, प्रत्येकाकडे एक उसळ, मधे फरसाण आणि तर्रीचं पातेलं, झाली मिसळ. इथे मात्र तारीख उलटी मोजायला लागते. फेब्रुवारीत रात्री गार असतात, मोड सावकाश येतात, म्हणून १० ला खायचं असेल तर ८ ला सकाळी भिजत घाला, रात्री निथळून फडक्यात घट्ट बांधा, आणि ते गाठोडं बंद ओव्हनमध्ये किंवा मोठ्या डब्यात झाकून ठेवा, मधे एकदा पाण्याचा हबका. वाल घेतले असतील तर मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून सोलायला पोरांना बसवा, बिरड्यांची सालं फटाफट निघतात आणि एक तास घर शांत राहतं. कुणाला हे झेपणार नसेल त्याला मसूर द्या, मसुराला मोडांची वाट बघायची गरज नाही.

२ सप्टेंबर, जागतिक नारळ दिन. नारळ पिकवणाऱ्या देशांची जी संघटना आहे ती १९६९ मध्ये याच तारखेला स्थापन झाली म्हणून. आता ही तारीख बऱ्याच वर्षी गणपतीच्या आगेमागे येते, म्हणून ज्या वर्षी गणपती नंतर असतील त्या वर्षी हा दिवस उकडीच्या मोदकांच्या रिहर्सलला वापरा. खरं सांगते, चतुर्थीच्या दिवशी सकाळी सोवळ्यात, घरात वीस माणसं, आणि पहिल्यांदाच मोदकाला कळ्या पाडायला बसायचं हा छळ आहे. त्यापेक्षा आधी एकदा अकरा मोदकांचा घाट घाला. दोन वाट्या ओलं खोबरं, एक वाटी गूळ, वेलची-जायफळ, हे सारण. पिठी आंबेमोहोराची, पिठीएवढंच पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप, उकळी आली की पिठी, झाकण, आणि उतरवून गरम असतानाच पाण्याचा हात लावत मळायची. पारीच्या कडा पातळ, मध्य किंचित जाड, आणि कळ्या पाडताना बोटं तेलात बुडवायची. कळ्या फाटल्या तर उकड कमी मळलीय किंवा पिठी जुनी आहे, हे २ सप्टेंबरला कळलेलं बरं.

८ ऑगस्टला अमेरिकेत एक भन्नाट दिवस असतो, शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून पळायचा. तिथे परसात तेव्हा झुकिनी इतकी येते की खाऊन संपत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हेच अळूचं होतं, ज्यांच्या मागच्या अंगणात नाहीतर टेरेसवर अळू आहे त्यांना विचारा. तर अळूच्या पानांची जुडी बांधायची, शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची, बेल मारायची, पळायचं. आत चिठ्ठी मात्र टाका की हे वडीचं आहे का भाजीचं, आणि चिंच-गूळ घालायला विसरू नका, नाहीतर घशाला खाज सुटली की तुमचंच नाव निघेल.

५ सप्टेंबरला समोसा दिन म्हणतात, योगायोगानं शिक्षक दिनही तोच, त्यामुळे शाळांच्या स्टाफरूममध्ये तो आपोआप साजरा होतच असतो. ३० मार्चला इडली दिन, चेन्नईत २०१५ मध्ये सुरू झालेला, मार्च अखेरीला पीठ झकास फुगतं त्यामुळे तारीख हलवायची गरज नाही. ३० मेच्या बटाटा दिनाला गच्चीवर वाळवलेला बटाट्याचा कीस पहिल्यांदा तळून बघायचा, पाऊस दाराशी आलेला असतो, वाळवणं तशीही आत घ्यायचीच असतात.

११ नोव्हेंबरची पॉकी-काडी मुलांना द्यायची असेल तर द्या, पण त्या सुमारास दिवाळी होऊन गेली असेल तर घरात काय असतं हे सगळ्यांना माहितीये, डब्याच्या तळाला तुटलेल्या चकल्या, शेवेचा चुरा, कुणी न खाल्लेली कडबोळी. तेव्हा 'उरल्या फराळाचा दिवस' करा, सगळे चुरे एकत्र, वर कांदा-टोमॅटो-लिंबू-दही, भेळ. हा दिवस कुठल्याच यादीत नाही, तुम्ही तुमचा जाहीर करा, रेगनसाहेबांना विचारायची गरज नाही.

ऑफिस आणि सोसायटीसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी

एका दिवशी एकच पदार्थ. वडापाव दिनाला वडापाव आणि चहा, त्यात कुणी केक आणतो, कुणी पिझ्झा, की मग ती नेहमीची पार्टी होते आणि अर्धे वडे उरतात. वडापाव बाहेरून आणणार असाल तर नेहमीच्या गाडीवाल्या दादांना आदल्या दिवशी सांगा, सकाळी अकराला येऊन पन्नास वडे मागितले तर ते बाकीच्या गिऱ्हाइकांना काय देणार? माणशी दीड वडा धरा. पाव, वडे, सुकी चटणी, तळलेल्या मिरच्या, सगळं वेगवेगळं घ्या आणि खाताना भरा, भरून आणलेला वडापाव ऑफिसात पोचेपर्यंत ओला गचका झालेला असतो. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं मानतात, ते लोकल पकडायच्या घाईतल्या लोकांसाठी होतं, हातात घेतला की लगेच खायचा पदार्थ आहे तो, कॉन्फरन्स रूममध्ये भाषण संपेपर्यंत झाकून ठेवायचा नाही. एचआरवाल्यांनो, भाषण नंतर!

पैसे आधी गोळा करा आणि आकडा छोटा ठेवा. थीमचे कपडे, बॅनर, सेल्फी पॉइंट असलं काही नको, त्यातच सगळा वेळ जातो. आणि जबाबदारी फिरती ठेवा, नाहीतर दर वेळी त्याच दोन बायका तळत बसतात आणि बाकीचे 'वा वा' म्हणत आयते येतात. कांदेनवमीला भजी तळायला पुरुषमंडळी, हा नियम मी तर लेखीच देईन.

परदेशात असणाऱ्यांचं काम उलट सोपं आहे. तुम्ही न्यू जर्सीत किंवा बे एरियात असाल तर तिथल्या तारखा तिथल्या हवामानाला धरूनच आहेत, जूनच्या पहिल्या शुक्रवारी बऱ्याच डोनटच्या दुकानांत एक डोनट फुकट देतात, जा आणि घ्या, लाजू नका. स्वीडनमध्ये असाल तर ४ ऑक्टोबरला बेकरीबाहेर रांग असेल, शेजाऱ्यांकडून बन घ्या आणि दहा-पंधरा दिवसांनी त्यांना चकली द्या, दोघांनाही गोल गोल गुंडाळायचं वेड आहेच. तुमच्याकडे कांदेनवमीचा प्रॉब्लेम वेगळा, भजी तळली की स्मोक अलार्म. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट फुल्ल, आणि जमलं तर इलेक्ट्रिक कढई बाल्कनीत.

आता राहिला १५ डिसेंबरचा चहा. संध्याकाळी पाचची वेळ ठेवा, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये. एकच मोठं पातेलं न करता दोन मध्यम करा, एकात आलं-वेलची आणि दूध, दुसऱ्यात नुसता गवती चहा, थोडं आलं, पुदिन्याची दोन पानं आणि गूळ, दूध न घालता, कारण उकळत्या दुधात गूळ घातला की फाटायची भीती. गवती चहा भाजीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, संध्याकाळी ऐनवेळी मिळत नाही. पहिल्या पातेल्याला साखर कमी घाला आणि वाटी बाजूला ठेवा, ज्याला हवी तो घेईल. बरोबर खारी, बटर नाहीतर ग्लुकोजची बिस्किटं, पोहे-उपमा काढायचा नाही, तो नाश्त्याचा दिवस नव्हे. कप घरूनच आणायला सांगा, कागदी कपात चहाला कागदाचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी कचराही तुम्हालाच उचलायला लागतो.